तळ्यावरच्या लाटा

"तुमची बदली झाली म्हणतेत, मॅडम?" टीव्हीचा रिसीव्हर टेबलावर ठेवत अंकुशनं विचारलं.

"झाली. पुण्याला," नंदिनी म्हणाली आणि केबल जोडू लागली.

लकडगंजच्या त्या लहानशा प्रयोगशाळेत टीव्हीचे रिसीव्हर, म्हणजे केबलचे सेट-टॉप डबे, तपासले जात. नंदिनीनं पास केल्याशिवाय केबलवाले डबा हातात धरत नसत. अंकुशचा कारखाना म्हणजे इतवारीत भांड्यांच्या दुकानावरची एक खोली. त्याचा डबा दर खेपेला नापास होई. दिवाळीचा हंगाम हातचा गेला, कारागीर सोडून गेला, तरी तो पुन्हा येई.

तिनं पडदे ओढले. रिसीव्हरवर कापड टाकलं, बनवणाऱ्याचं नाव दिसायला नको, असा नियमच होता म्हणून. डबा कुणाचाही असो, केबल तीच, सिग्नल तोच.

टीव्हीच्या पडद्यावर तळं उजळलं. तपासणीला नेहमी हेच चित्र असे, कारण हलतं पाणी नीट दाखवणं रिसीव्हरला फार जड जातं. खोलीत भरदुपारी संध्याकाळ उतरली. दोघांच्या चेहऱ्यांवरून हिरवं पाणी सरकू लागलं.

हे तळं तिच्या झोपेतही येई. काठावर कुणीतरी पाठमोरं बसलेलं असे. हाक मारावी तर पाण्याचे तुकडे होत.

तिनं मोबाइल टॉवरच्या लहरी सिग्नलमध्ये हळूहळू मिसळायला सुरुवात केली. डब्यात चांगला फिल्टर बसवला असेल तर तो त्यांना बाहेरच अडवतो. अंकुशच्या डब्यात त्या हटकून शिरत, आणि तळ्याचे चौकोन चौकोन होऊन जात. मग चहा घेत दोघं बराच वेळ बोलत बसत. काय चुकलं असेल, पुढच्या वेळी काय करून पाहावं.

आज लहरींचं बटण जरा कमी फिरवलं तर? कुणाला कळणार होतं? तिचा हात थांबला. मग सगळ्यांसाठी फिरवायची तितकंच, पार शेवटपर्यंत तिनं ते फिरवलं.

तळं फुटलं नाही.

तिनं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. लाटा संथपणे काठाला येत राहिल्या.

"पास," ती म्हणाली. आवाज जरा ओला झाला होता. "अंकुश, पास झाला तुमचा डबा."

त्यानं नुसती मान हलवली. तो पाण्याकडेच पाहत होता.

"आनंद नाही झाला?"

"झाला न."

"इतक्या वेळा नापास केलं मी तुम्हाला. घरी गेल्यावर जेवण जायचं नाही. कधी बोलले नाही."

"मले कधी राग नाही आला तुमचा."

"या वेळी कोणता फिल्टर बसवला?"

अंकुशनं रिसीव्हरवरचं कापड काढलं, त्याची घडी घातली.

"पहिल्यापासून हाच होता," तो म्हणाला. "इथं येतानी काढून ठेवत होतो."