माफीचा दरवाजा

आर्नूलने डोळे गच्च मिटले आणि कण्हायला सुरुवात केली. कण्हणं त्याला छान जमत होतं. चालायचं म्हटलं की जिवावर येई.

व्हिलाफ्रांकाच्या चर्चचा हा दरवाजा आजाऱ्यांसाठी. ज्याला पुढे पाऊल टाकवत नाही, त्या यात्रेकरूला सान्तियागोला पोचल्यावर मिळणारी पापांची माफी इथेच मिळते. पुढे सेब्रेरोचा घाट होता आणि घाटात बर्फ. आर्नूलने पहिल्या बायकोला मरेपर्यंत झोडपलं होतं. ही यात्रा केल्याशिवाय दुसरं लग्न लावणार नाही, असं गावच्या पाद्र्याने बजावलं होतं. तिकडे नवरी ठरलेली. आणि हा बिजवर, रेड्यासारखा धडधाकट, उंबऱ्यात तोंड वासून पडलेला!

त्याच्याच गावच्या जथ्यात म्हातारी ओदील होती, त्या मेलेल्या बायकोची मावशी. भाचीच्या आत्म्यासाठी ती फुटल्या टाचांनी चालत निघाली होती. ती लंगडत पुढे आली.

"पाद्रीबाबा, ह्याचं काही खरं नाही. माफी तर द्याच, पण तेलही लावा."

"इतकं बिघडलंय?"

"बघा की, डोळेसुद्धा उघडत नाही."

उघडतो कसला! उघडले असते तर सोंग उघडं पडलं असतं. पाद्र्याचा तेलकट अंगठा पापण्यांवरून फिरला, मग कानांवरून, ओठांवरून, तळपायांवरून. लावा काय लावायचं ते, आर्नूल मनात म्हणाला. माफी पदरात पडल्याशी कारण.

दुपारी तो उठून बसला आणि "चमत्कार! चमत्कार!" म्हणत गावभर ओरडत फिरला. मग धर्मशाळेत येऊन त्याने भाजलेलं डुक्कर मागवलं.

"तुम्ही चढा घाट, मावशी," तो दात काढत म्हणाला. "मी चाललो लग्नाला."

ओदीलने त्याच्यासमोरची थाळी आपल्याकडे ओढली.

"मेल्या, शेवटचं तेल होतं ते. मरणाऱ्याला लावतात ते. ते लागून जो उठतो, तो मेल्यातच जमा. त्याला मांस चालत नाही, बायको चालत नाही. एवढंही ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. त्यांच्याकडे पोरासोरांनाही ते ठाऊक असतं. माफीच्या नादात हे तेल कुठलं, एवढंच ध्यानात आलं नव्हतं. आर्नूलचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण... गावी कोणाला कळणार आहे?"

"अख्खा जथा बघत होता. आणि न बघितलेल्यांना तू ओरडून सांगितलंस."

तिने मांसाचा एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"पापं सगळी फिटली बघ तुझी," ती म्हणाली. "नवी करायची सोय तेवढी राहिली नाही."