सावधान

"मोक्ष माणसापासून फक्त एका श्वासाच्या अंतरावर आहे," ध्यानवर्गाच्या बाईंनी डोळे मिटून सांगितलं, आणि त्याच श्वासात विचारलं, "फाटकात आडवी सायकल कोणाची आहे?"

सायकल निवृत्त कवायत मास्तरांची होती. चौतीस वर्षं पोरांच्या रांगा सरळ केलेल्या या माणसाला मोतीबिंदूमुळे आता फाटक कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेही कळत नव्हतं. ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं, कारण डॉक्टर दिसले की मास्तरांचं ब्लडप्रेशर चढायचं. शेवटी डॉक्टरांनीच इथे धाडलं. वर्गानंतर बाईंनी प्रेशर मोजून कळवायचं. एकशे चाळीसच्या खाली आलं तर शुक्रवारी ऑपरेशन, नाहीतर पुन्हा तीन महिने चाचपडणं.

"आयुष्यभर दुसऱ्यांना दम दिलात," शेजारच्या चटईवरून बायको म्हणाली, "आता जरा स्वतः दम घ्या."

मास्तर बसले. नाक शिट्टीसारखं वाजू लागलं. पुढच्या चटईवरचा शिंपी पोक काढून बसलाय, एवढं अंधुक दिसत होतं. तेवढ्यानेच मास्तरांचं कानशील ठणकायला लागलं.

"येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष," बाई हळुवार म्हणाल्या. "सावधान..."

ऐकलं कानांनी, मानलं पायांनी. डोक्याला कोणी विचारलंच नाही. मास्तर ताडकन उभे. टाचा जुळलेल्या, मुठी विजारीच्या शिवणीवर, नजर समोर. ध्यान उभ्यानेही होतं, म्हणून बाईंनी त्यांना तसंच राहू दिलं.

सावधानमध्ये नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, हा मास्तरांचाच नियम. विश्रामच्या आधी हलणाऱ्याला मैदानाला तीन फेऱ्या. पण इतक्या वर्षांत त्यांना स्वतःला कोणी सावधान म्हटलं नव्हतं, म्हणणारे तेच. आज पहिल्यांदाच कोणाची रांग बघायची नव्हती. श्वास आत आला, बाहेर गेला. न ओरडता, शिस्तीत.

अर्धा तास झाला. शिंपी मांड्या बदलून दमला. घंटा वाजली, चटया गुंडाळल्या गेल्या. बायकोची तेवढी राहिली. ती तिसऱ्या श्वासालाच घोरू लागली होती. मास्तर तसेच उभे.

बाईंनी दबकत त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला.

"एकशे अठ्ठावीस," त्या पुटपुटल्या. "म्हणजे शुक्रवार नक्की."

शिंप्याने नकळत हात जोडले.

"मास्तर," बाई पट्टा सोडवत म्हणाल्या, "बारा वर्षं शिकवतेय, पण असं स्थैर्य पाहिलं नाही. या सगळ्यांना सांगा, आत्ता आत काय चाललंय?"

मास्तरांची मान हलली नाही. ओठांच्या कोपऱ्यातून शब्द आले.

"पोटरीत गोळा आलाय, बाई. तेवढं विश्राम म्हणा."