पडला की गायब

हितेंद्रने त्याच्या कानशिलात कुऱ्हाडीचा दांडा हाणला. कवटी फुटल्याचा आवाज आला, केळीच्या पानांवर रक्त उडालं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो माणूस पडद्यावरून नाहीसा झाला. लगेच दुसरा धावून आला. त्याचा जबडा फुटला, तोही नाहीसा. तिसऱ्याचा गुडघा उलटा मोडला.

हितेंद्रने कंट्रोलर टेबलावर आपटला. "काय कमी हाये यात? सांग."

"लागत नही," प्रेमराज म्हणाला.

दिवाळीपासून हितेंद्र हेच ऐकत होता. गेम दोघांचा. कोड हितेंद्रचा, चित्रं आणि आवाज प्रेमराजचे. सावद्यात केळीच्या पॅकिंग शेडवर एक पत्र्याची खोली होती, तिथे उन्हाळाभर भाजून निघत त्यांनी तो बनवला होता. जगातल्या एका बड्या ऑनलाइन दुकानाने तो तपासून पसंतही केला होता. आता एक हिरवं बटण दाबलं की गेम जगभर विक्रीला. पण दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, दोघंही 'तयार' म्हणतील तेव्हाच बटण दाबायचं. हितेंद्र रोज म्हणायचा. प्रेमराज काही केल्या म्हणेना.

हितेंद्रची घाई पैशांची नव्हती. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी त्याच्या वडिलांची घडांनी लगडलेली बाग रातोरात कापून आडवी केली होती. वैर कोणाचं, कळलं नाही. पोलीस आले, पंचनामा करून गेले. वडील, पितांबर आबा, त्या दिवसापासून बागेकडे फिरकले नाहीत. हितेंद्रने मग ती बाग गेममध्ये जशीच्या तशी उभी केली आणि कापणाऱ्यांना तिथे मरायला बोलावलं. त्यांचे चेहरे माहीत नव्हते, म्हणून सगळ्यांच्या तोंडाला रुमाल बांधले. मेलेले तिथेच पडून राहिले तर त्याचा जुनाट कॉम्प्युटर धापा टाकायचा, म्हणून पडला की गायब. सोय होती ती. पुढे त्याला ती आवडायलाही लागली.

"आवाज तर तूच भरला ना?" हितेंद्र म्हणाला. कवटी फुटल्याचा तो आवाज प्रेमराजने केळीच्या खोडावर कुऱ्हाड घालून टिपला होता.

"भरला. पण मले माश्या मारल्यासारखं वाटू राह्यलं. इतके लोक मारले, मले काहीच झालं नही. आबांची बाग हाये रे ही."

"तुले काहून लागीन? बाग काय तुह्या बापाची कापली?"

खाली ट्रकमध्ये क्रेट चढत होते, हमालांचा आरडाओरडा चालू होता. हितेंद्रने माउसवर हात ठेवला. बाण हिरव्या बटणाकडे सरकला. प्रेमराजने त्याचं मनगट धरलं.

"दोघांचा शब्द हाये, हितू."

हितेंद्रने वळून त्याच्या तोंडावर ठोसा मारला.

नाकाचं हाड मोडल्याचा आवाज अगदी बारीक होता, शेवग्याची शेंग मोडावी तेवढाच. प्रेमराज खुर्चीसकट मागे गेला, त्याचं डोकं भिंतीवर आदळलं. हितेंद्र त्याच्या अंगावर धावला आणि त्याने मूठ पुन्हा उगारली. दोन वर्षांचा राग त्या मुठीत होता.

पण प्रेमराज गायब झाला नाही.

तो तिथेच पडून होता. नाकावर धरलेल्या हातातून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं आणि तो हितेंद्रकडे बघत होता. त्या डोळ्यांत ना राग होता, ना भीती. हा कोण, एवढंच जणू तो ओळखू बघत होता. बालवाडीत एका डब्यात जेवलेला दोस्त. हितेंद्रची मूठ आपोआप उघडली. हाताची हाडं ठणकत होती. तो तिथेच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

डॉक्टरांना प्रेमराजनेच सांगितलं, "जिन्यावरून पडलो." हितेंद्रला ते ठोशापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर बरेच दिवस हितेंद्रने खोलीचं दार लावून घेतलं. फोन उचलला नाही. मग एका दुपारी त्यानेच बोलावलं. नाकावर पट्टी घेऊन प्रेमराज जिना चढून आला. हितेंद्रने कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

तीच बाग. तेच केळीचे घड. रुमाल बांधलेला माणूस धावून आला. प्रेमराजने दांडा हाणला. आवाज आला, पण अगदी बारीक. माणूस पडला आणि पडून राहिला. कॉम्प्युटर धापा टाकू लागला, चित्र अडखळलं, तरी तो तिथेच होता. नाकावर हात धरून मारणाऱ्याकडे बघत होता. मागून दुसरा धावून आला. प्रेमराजने दांडा उगारला. पडलेला अजून बघत होता. अंगठा बटणावर होता, पण दाबवेना. दुसऱ्याने पडद्यावरच्या त्याच्या खेळाडूला दोन फटके मारले, तरी दाबवेना.

"नही मारल्या जात, हितू," तो म्हणाला.

तेवढ्यात पडलेल्या माणसाच्या तोंडावरचा रुमाल सरकला.

चित्र काढायचा हितेंद्रला सराव नव्हता. हनुवटी वाकडी होती, कान मोठे झाले होते. तरीही चेहरा कोणाचा ते लगेच ओळखू येत होतं. प्रेमराजने पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या हितेंद्रकडे. तोच चेहरा.

"बाग कोणी कापली ते अजून कळलं नही," हितेंद्र खाली मान घालून म्हणाला. "राग आला की काहीही कापून टाकीन, असा एकच माणूस मले पक्का माहीत हाये."

प्रेमराजने कंट्रोलर खाली ठेवला आणि माउस स्वतःकडे ओढला.

"लागलं," तो म्हणाला, आणि हिरवं बटण त्यानेच दाबलं.