टोपी पडायचा अवकाश

मोठ्या माणसांच्या इंग्रजी वर्गात मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'ॲट द ड्रॉप ऑफ अ हॅट'. म्हणाले, "टोपी खाली पडायचा अवकाश, की माणूस हजर. आपण म्हणतो ना, एका पायावर तयार, तसंच. करा बघू एखादं वाक्य."

वर्गातल्या इस्त्रीवाल्याच्या जिभेला हाड नव्हतं. उत्तर कायम ओठांवर. शेजारी बसलेल्या बायकोकडे बोट दाखवून तो म्हणाला, "वाक्य कशाला, मास्तर? आमच्या हिलाच घ्या की! मी हाक मारायच्या आत पुढ्यात उभी."

सगळे हसले. बायकोही खाली मान घालून हसली.

"मग बघूच या," म्हणत मास्तर हसत हसत तिच्या बाकापाशी आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हात उंच उचलला.

टोपी हातातून सुटायच्या आधीच ती बाकावर दुमडली होती. दोन्ही हातांनी डोकं झाकलेलं, डोळे गच्च मिटलेले.

मास्तरांचा हात वरच्या वर राहिला. आता तो खाली कसा आणावा, हेच त्यांना कळेना.

जरा वेळानं तिनं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि केस सारखे केले. "काही नाही, मास्तर," ती पुटपुटली, "तुम्ही पुढचं शिकवा."

सगळा वर्ग इस्त्रीवाल्याकडे वळून बघत होता. एवढा हजरजबाबी माणूस, पण तो घाईघाईनं फळ्यावरचे शब्द वहीत उतरवून घेऊ लागला.