मोडेपर्यंत

पहिला पूल मोडला तेव्हा वर्गात हशा पिकला. काड्या अशा उडाल्या, की पुढच्या बाकावरच्या जाड्याच्या केसांत दोन अडकल्या.

"वजन किती घेतलं रे?" मागून कोणीतरी ओरडलं.

पूल म्हटला की मोडायचाच, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधायचा, त्यावर वजन चढवत जायचं आणि तो कडकन मोडेपर्यंत थांबायचं नाही, हीच त्यांची परीक्षा. ती दुपारी होती. म्हणून सगळे आपापला पूल तान्ह्या बाळासारखा सांभाळत या तासाला घेऊन आले होते.

हा तास 'माणूस आणि समाज'चा. इंजिनिअरिंगच्या पोरांना सक्तीचा. यात पास झाल्याशिवाय पदवी नाही, आणि यात जागं राहणं कोणाच्या बापाला जमत नाही. "पुलाला सिमेंट लागतं, समाज कशाला लागतो?" असं दादा म्हणायचा. दादा म्हणजे याच वर्गातल्या चिमणीचा मावसभाऊ. गणितात वाघ, पण या विषयात दोनदा आडवा. त्यामुळे मोठा असूनही तो चिमणीच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर बसायचा. त्या बाकाला सगळे 'पुनर्जन्म' म्हणायचे. यंदाही विषय गेला, तर कॉलेजातूनच बाहेर.

आज सर आलेच नव्हते. मागच्या भिंतीतली प्रोजेक्टरच्या खोलीची काच नेहमीसारखी काळीभोर होती. सरांऐवजी निळ्या कोटातला एक माणूस आला. त्याने बादलीभर हातोड्या आणल्या आणि प्रत्येक बाकावर एक-एक ठेवली.

"शेजाऱ्याचा पूल मोडायचा. चला, सुरू करा."

"का?" चिमणीने विचारलं.

"वरून सूचना आहे."

"अहो, पण दुपारी परीक्षा..."

"वरून सूचना आहे. आणि या विषयाचे मार्क यावरच आहेत."

बस्स. तेवढं पुरलं. पहिली हातोडी पडली.

दुसऱ्या पुलाला हसू जरा कमी झालं. चौथ्या-पाचव्याला थांबलंच. एक मुलगी मैत्रिणीचा पूल फोडताना प्रत्येक घावाला "सॉरी गं, सॉरी गं" म्हणत होती, पण हात काही थांबत नव्हता. जाड्याने आपला पूल पोटाशी धरला, तर शेजाऱ्याने त्याच्या नाकावर ठोसा मारला. बाकावर रक्ताचे थेंब पडले. त्यावर काड्यांचा भुगा चिकटला. निळा कोट हात मागे बांधून नुसता उभा.

चिमणीने आपली हातोडी बाकाखाली भिरकावली आणि स्वतःच्या पुलावर दोन्ही हात पसरले. त्यातली एकेक काडी तिने नखं घासायच्या कानशीने घासली होती. त्यापायी ती सुट्टीत घरीसुद्धा गेली नव्हती. ज्याचा पूल सर्वांत जास्त वजन पेलेल, त्याला नदीवरच्या खऱ्या पुलाच्या कामावर पाठवणार होते. ती जागा तिला हवी होती. इतकी, की झोपेतही ती वजनं मोजायची.

"हा एक राहिला," निळा कोट म्हणाला. "कोणाला मार्क हवेत?"

पुनर्जन्माच्या बाकावरून दादा उठला.

"चिमणे, हात काढ."

"नाही."

"अगं, काड्याच आहेत त्या! मी तुला नवा बांधून देतो."

"दादा, तू त्याला निदान 'का' तरी विचार ना!"

"मला पास व्हायचंय गं!" तो किंचाळला.

त्याने तिची वेणी धरून ओढली. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. मग त्याने तिच्या तोंडावर अशी एक ठेवून दिली, की ओठ फाटला. लहानपणी हाच दादा तिला सायकल शिकवताना मागून सीट सोडायला घाबरायचा. सगळा वर्ग हातात हातोड्या घेऊन बघत होता. कोणी हललं नाही.

"हात काढ!"

तिने एक हात काढला. त्याला ढकलायला. दुसरा पुलावरच होता.

हातोडी खाली आली.

काड्या मोडल्या की कोरडा आवाज येतो. हा आवाज ओला होता. चिमणीची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली. त्यांच्याखाली पूल मात्र तसाच उभा होता.

तेव्हा कुठे प्रोजेक्टरच्या खोलीचं दार उघडलं आणि सर धावत बाहेर आले.

"थांबा! थांबा रे! हा प्रयोग होता! माणूस हुकूम कुठवर पाळतो, ते बघायचं होतं! पुलांच्या मार्कांचं मी दुपारच्या परीक्षकांशी आधीच बोलून ठेवलंय, कोणाचं काही जाणार नाही..." निळ्या कोटातल्या माणसाने घाईघाईने कोट काढला. तो नाटकात कामं करणारा नट होता.

"मग मी पास?" दादाने विचारलं. आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याने हातोडी अशी टाकली, जणू ती तापून लाल झाली होती.

चिमणीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती त्या काळ्या काचेकडे बघत होती.

"सर, तुम्ही सुरुवातीपासून तिथे होतात?"

"हो."

"जाड्याचं नाक फुटलं तेव्हा? दादाने मला मारलं तेव्हा?"

"हो, पण... तास संपेपर्यंत मध्ये पडायचं नाही, असं होतं."

"का?"

सरांनीही काचेकडे वळून बघितलं.

"वरून सूचना होती."

चिमणीने तोंडातलं रक्त बाकावर थुंकलं.

"मग शेवटच्या बाकावर जागा आहे, सर," ती म्हणाली. "दादाच्या शेजारी."