सगुणाबाईंचं माहेर

"आईचं माहेर कुठलं?" चंद्रशेखरांनी चष्म्यावरून विचारलं.

तनयाने दातओठ खात प्रश्नाचं जर्मन केलं. मार्कस सोफ्याच्या कडेला कसाबसा टेकला होता.

"अमेरिकेतलं अलाबामा. त्याच्या मागचं माहीत नाही."

"आणि हे हॉलिस आडनाव?"

"आमच्या पूर्वजांच्या मालकाचं. तेच आम्हाला चिकटलं."

नीलिमाने पोह्यांची बशी पुढे सरकवली. कुणी हात लावला नाही. लेकीने निवडलेला माणूस स्टुटगार्टच्या या घरात पहिल्यांदा आलेला, आणि नवऱ्याने चोर पकडल्यासारखी उलटतपासणी मांडलेली. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

टेबलावर कुलवृत्तांताची जाडजूड फाइल होती. निवृत्त झाल्यापासून चंद्रशेखर घराण्याची वंशावळ लिहीत होते. त्यापायी साठी उलटल्यावर मोडी लिपीही शिकले. प्रत्येक सुनेपुढे तिचं माहेर लिहिलेलं. कोरी जागा एकच, सात पिढ्यांपूर्वीच्या सगुणाबाईंपुढची. "आपण सगळे तिच्याच पोटचे, पण कागदच मिळत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

"बाबांना कागद लागतो ना? मग दाखव तुझा," तनया मार्कसला म्हणाली.

त्याने खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली. "मालक वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या लिलावासाठी केलेली यादी. आमच्या घराण्याचं एवढंच सापडलं."

चंद्रशेखर मोठ्याने वाचू लागले. "खेचरं दोन, नांगर एक, मुलगी एक, नाव हॅना..."

कागद हातातून सुटला.

"बाजारात विकलेल्या माणसांच्या घरात मुलगी देऊ मी? चारचौघांत तोंड कसं दाखवू? याला जायला सांग."

"गेनाऊ, अगदी बरोबर, बाबा! एकदाचं बोललात." तनयाने कोट उचलला. "मीही जाते. आता या घरात पाऊल टाकणार नाही."

मार्कसने वाकून आपला कागद उचलला, नीलिमाला मान लववली आणि तनयाच्या मागोमाग निघाला. दार आपटलं.

"अहो, थांबवा तिला! एकुलती एक पोर आहे."

"गेली तर गेली. कुलवृत्तांतातून तिचं नाव काढतोय मी." चंद्रशेखर बाल्कनीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"मग घाला चुलीत तो कुलवृत्तांत!" नीलिमाने फाइल जमिनीवर भिरकावली.

फाइलचं कव्हर फाटलं. आतल्या पुठ्ठ्यामागून एक पिवळट कागद बाहेर आला. वर मोडीच्या ओळी, खाली पेन्सिलीने केलेलं देवनागरी. अक्षर चंद्रशेखरांचं, तारीख तीन वर्षांपूर्वीची.

नीलिमा गुडघ्यांवर बसली आणि वाचू लागली.

"खरेदी केले: बैल दोन, नांगर एक, बटीक एक, नाव सगुणा."