सोपा पेपर

आम्ही जुळी भावंडं, ताई पाच मिनिटांनी मोठी. परीक्षा एकच, पेपर वेगळे: ताईचा सकाळी, माझा दुपारी. ताईला नव्वद गुण, मला ऐंशी. तरी यादीत मी वर, ती लगेच खाली. कॉलेजात जागा एकच उरलेली. ताई परीक्षा कार्यालयात धडकली, मागोमाग मी. साहेब म्हणाले, "बाळ, सकाळचा पेपर सोपा होता. समज, तू स्टुलावर उभी आहेस. उंची मोजताना स्टूल वजा होणारच." "स्टूल मोजलं कुणी?" "सकाळी सगळ्यांनाच जास्त गुण पडले, म्हणजे स्टूल आहेच." "सकाळची मुलं खरंच उंच असली तर?" "तसं नियमात बसत नाही." साहेब माझ्याकडे वळले. "अभिनंदन! बहिणीपेक्षा हुशार निघालास." हेच ऐकायला जन्मभर थांबलो होतो. मी त्यांच्या कानाखाली वाजवली. गैरवर्तनाबद्दल माझं नाव कापलं, ताई वर सरकली. घरी ती कडाडली, "जागा माझीच होती! तू कोण देणारा?"